वणवा काडीने लागतो, पाचोळ्यावर वाढतो

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापन दिनाला हा गिरणी कामगार जंगलाच्या आगीवर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. मी फार शिकलेला माणूस नाही. जे थोडं कळलं ते गिरणीत, चळवळीत आणि वाचनालयात बसून कळलं. पण आपल्या वस्तीच्या मागे जो डोंगर आहे, त्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातच आपली कान्हेरी आहे. दर वैशाखात आपण तिथे जातो. म्हणून हा विषय विहाराचाच आहे.

आधी माझा गुन्हा कबूल करतो. १९८९ साली बुद्ध पौर्णिमेला आम्ही आठ-दहा पोरं कान्हेरीला गेलो होतो. वंदना झाली, लेणी पाहून झाली. परतताना कोरड्या ओढ्याच्या काठी तीन दगड मांडून खिचडी शिजवली. निघताना चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि समजलो, आग विझली. थोडं अंतर गेलो नाही तोच मागे धूर दिसला. निखारा वाऱ्याने गवतात गेला होता. पाड्यातले आदिवासी बांधव ओल्या डहाळ्या घेऊन धावत आले आणि आग झोडपू लागले. आणि आम्ही? आम्ही पळालो. पुढच्या आठवड्यात लोकांच्या तोंडी एकच बोलणं, "हे आदिवासीच जंगल पेटवतात." आम्ही ऐकलं आणि गप्प बसलो.

बंधूंनो, ज्यांनी विझवली त्यांच्यावर आळ आला आणि ज्यांनी लावली ते घरी जेवून झोपले. आपल्या समाजाने न केलेल्या गुन्ह्यांचे आळ पिढ्यान्‌पिढ्या सोसले. तोच अन्याय मी दुसऱ्यावर होऊ दिला. हे शल्य आजही मनात आहे, म्हणून बोलतो आहे.

पुढे मी गिरणीत लागलो, ब्लो रूममध्ये. तिथं कापूस फोडतात, सगळीकडे तूस उडतं. कापसात एखादा खिळा आला तर यंत्रात ठिणगी पडते. आमचा जॉबर सांगायचा, "ठिणगी कधी पडेल ते तुझ्या हातात नाही. खाली तूस किती साचू द्यायचं ते तुझ्या हातात आहे." जंगलाचंही अगदी तसंच आहे. काडी माणूस टाकतो, पण डोंगर जळतो तो साचलेल्या वाळक्या गवतावर आणि पाचोळ्यावर.

आपल्याकडे फेब्रुवारी ते मे या कोरड्या दिवसांत लागणारे वणवे बहुतेक माणसाच्याच हातून लागतात. विडीचं थोटूक, पिकनिकची चूल, कचरा पेटवणं. २०१८ च्या डिसेंबरात गोरेगावच्या डोंगराला आग लागली, ती साऱ्या मुंबईने पाहिली. अशा आगीत मोठं झाड पुष्कळदा वाचतं. मरतात ती बोटभर रोपं, जमिनीतलं बी, किडामुंगी, जमिनीवर घरटं करणाऱ्या पाखरांची अंडी. वट्टक जातकात वणव्यात सापडलेलं लाव्याचं पिल्लू आहे ना, ज्याला पंख असून उडता येत नव्हतं, त्याचीच ही गोष्ट. रोपं मेली की मोकळ्या जागेत गवत माजतं. गवत माजलं की पुढच्या साली आग जास्त. असं हे चक्र आहे.

या चक्रात भर घालते ती घाणेरी. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी बागेच्या शोभेसाठी आणलेलं हे परदेशी झुडूप. तिच्या जाळ्या दाट होतात, खाली दुसरं काही उगवू देत नाहीत, आणि उन्हाळ्यात वाळल्या की जमिनीवरची आग शिडीसारखी झाडाच्या शेंड्यापर्यंत नेतात. वरून जाळली किंवा कोयत्याने छाटली तर मुळातून पुन्हा फुटते. तिला उपाय एकच. पावसाळ्यात माती मऊ असताना, फळ धरण्याआधी, मुळासकट काढायची, पुढची दोन-तीन वर्षं तिथे लक्ष ठेवायचं, आणि त्या जागी इथलंच झाड वाढू द्यायचं. ऐन, पळस, पांगारा, काटेसावर, करंज, उंबर, कुडा, कारवी. आपण कोकणातली माणसं, आपल्या आज्या-पणज्यांची घरं कारवीच्या कुडाची होती. ती कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. मधल्या सात वर्षांत एकदा वणवा फिरला तर कोवळी रोपं गेली.

काही जण म्हणतात, आगीशी आपला धम्म काय सांगतो? विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ही गोष्ट आहे. काही भिक्खूंनी रान पेटवलं, लोकांनी नावं ठेवली, तेव्हा भगवंतांनी नियम केला की रानाला आग लावू नये. पुढे भोवती गवत माजलेले विहार वणव्यात जळू लागले. तेव्हा वणवा येत असेल तर समोरून आग लावून त्याला अडवायची आणि रक्षण करायचं, अशी परवानगी दिली. त्याला पालीत 'पटग्गि' म्हणतात. वनखात्याची जाळरेषा याच विचाराची आहे. हंगामाआधी एक पट्टा साफ करायचा, लागलं तर पहाऱ्यात जाळायचा, म्हणजे वणव्याला पुढे जायला काही उरत नाही. आंधळेपणाने आगीला भिऊ नका, आंधळेपणाने ती लावूही नका. हा मध्यम मार्गच आहे.

आता कडू बोलतो. १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर या उद्यानातल्या हजारो झोपड्या तुटल्या. "जंगल म्हटलं की आमच्या घरावर बुलडोझर आठवतो, ते आम्ही का राखायचं?" असं एक माउली मला म्हणाली. तिचा राग खरा आहे, आणि घराचा लढा आपण सोडलेला नाही. पण तुळशी आणि विहार तलावांचं पाणी मुंबई पिते, ते याच डोंगरात साठतं. डोंगर पेटला की धूर आधी आपल्या पोरांच्या छातीत जातो, टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर नंतर. आणि कान्हेरीची शंभरावर लेणी कुणी घडवली? कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी, सोनार, लोहार यांनी दान दिलं. पाण्याची एकेक पोढी दान दिल्याचे लेख आजही दगडावर आहेत. कष्टकऱ्यांच्या दानाचा तो डोंगर आहे. तो कुणाच्या मेहेरबानीने आपला झालेला नाही.

म्हणून विहारापुढे चार गोष्टी ठेवतो. एक, येत्या बुद्ध पौर्णिमेला कान्हेरीला जाताना काडीपेटी, विडी-सिगारेट, मेणबत्ती, अगरबत्ती नेऊ नये. दीप विहारात लावावा, तिथे फुलं आणि मौन पुरेसं आहे. संरक्षित वनात आग पेटवणं हा कायद्यानेही गुन्हा आहे. दोन, शिजवलेलं अन्न घरून न्यावं आणि कचरा परत आणावा. तीन, धूर दिसला की तरुणांनी व्हिडिओ काढत न बसता वनखात्याच्या १९२६ किंवा अग्निशमन दलाच्या १०१ क्रमांकावर कळवावं. चार, पावसाळ्यात वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन, त्यांच्या माणसांसोबत आणि पाड्यातल्या जाणत्यांना विचारून घाणेरी उपटण्याचं श्रमदान करावं. आपल्या मनाने तिथे काही तोडू नये, काही लावूही नये. पहिल्या दिवशी मी कुदळ घेऊन येतो.

ते आग विझवणारे बांधव आज कुठे आहेत, मला ठाऊक नाही. त्यांची माफी मागायला मी त्या पाड्यात दोनदा जाऊन आलो, भेट झाली नाही. निदान पुढच्या पौर्णिमेला आपल्यातल्या कुठल्या पोराला माझ्यासारखं पळावं लागू नये, एवढीच विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!