माळ्यावरच्या बरण्या

मुंबईतल्या माटुंग्याहून आमच्या बचत गटातर्फे आम्ही बोलतोय. आज आधी एक कबुली द्यायची आहे.

उन्हाळ्यात तुम्ही उन्हात बसून कुरडया, सांडगे, पापड घालता, कैरीचं लोणचं मुरवता आणि त्यातलं निम्मं मुंबईच्या लेकीसुनांना धाडता. आम्ही ते कौतुकाने घेतो. खोली लहान, म्हणून माळ्यावर ठेवतो आणि विसरून जातो. यंदा गटाच्या बैठकीत ठरवलं, पाऊस लागायच्या आत प्रत्येकीने माळा खाली उतरवायचा. दोन-तीन वर्षांपूर्वीचे डबे निघाले. आमची आम्हालाच लाज वाटली.

मग एकत्र बसून निवड केली. आमसुलावर पांढरं दिसलं, तर चिमूटभर पाण्यात टाकलं. विरघळलं ते मीठ. केसाळ, हिरवट-काळी असते ती बुरशी. मोरंब्यात साखरेचे खडे झाले होते, ती बरणी कोमट पाण्यात ठेवली, पाक सैल झाला. कुरडया भिजवून कांद्याची फोडणी देऊन भाजी केली. सांडग्यांची आमटी झाली. सांडगी मिरची तळून दहीभातात कुस्करली. लोणच्याच्या फोडी संपून नुसता खार उरला होता, तो थालीपिठाच्या पिठात मळला. त्यात वरून मीठ घालायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

पण सगळंच वाचलं नाही. आमच्यातल्या एकीकडे तिच्या आईच्या हातचं शेवटचं लोणचं होतं. आई गेली, म्हणून तिने ते जपून ठेवलेलं. तेल खाली गेलं होतं आणि वरच्या फोडींवर बुरशी आली होती. ती म्हणाली, "वरचं काढते, खालचं चांगलं असेल." आम्हीही आधी हो म्हणणार होतो. पण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल जातात. काही बुरशींचं विष तळून किंवा उकळूनही जात नाही. पापड-कुरडयांनाही हेच लागू आहे. लोणचं टाकलं. बरणी मात्र तिने धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवली. यंदा आईच्याच प्रमाणाने त्यात लोणचं घालणार आहे.

म्हणून चार गोष्टी सांगतो. लोणच्यावर बोटभर तेल हवं, फोड उघडी पडली की हवा लागते. ओला चमचा घालू नये. झाकण फुगलं, फेस आला, खवट वास आला तर चाखूनही पाहू नये. आणि डब्यावर महिना व वर्ष लिहावं. आधीचं आधी संपवावं.

१९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. बायकांच्या या कामाला मोल आहे. ते माळ्यावर पडून वाया जाऊ नये.

तुम्हीही या आठवड्यात फडताळ, शिंकं, कणगीमागचा कोपरा बघा. आणि मुंबईला काही धाडण्याआधी लेकीला फोन करून विचारा, "मागचं संपलं का गं?" तिला खरं सांगावंच लागेल.