पैसा : न्यायाधीश की कैदी?

(पालक-मेळाव्यातील भाषण)



पैसा म्हणजे काय, असे वर्गात विचारले की मुले हसतात. त्यांना वाटते, हा काय प्रश्न झाला? परंतु थोर विचारवंतांनी या प्रश्नाचा फार खोलवर विचार केला आहे.

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल (इ. स. पूर्व ३८४–३२२) याने घर बांधणारा आणि जोडे शिवणारा यांचे उदाहरण दिले. एका घराच्या बदल्यात जोडे किती द्यायचे? दोहोंना एकच माप हवे. ते माप म्हणजे पैसा. ग्रीक भाषेत नाण्याला 'नोमिस्मा' म्हणतात. हा शब्द 'नोमोस', म्हणजे कायदा किंवा रूढी, यावरून आला. नाण्याचे मोल निसर्गाने नव्हे, माणसांनी ठरवले आहे. म्हणूनच पैशाने पैसा वाढवणारे व्याज त्याला निसर्गाविरुद्ध वाटले.

इमाम गझाली (१०५८–११११) यांनी 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात हाच विचार पुढे नेला. ते म्हणतात, दिनार-दिरहम आरशासारखे आहेत. आरशाला स्वतःचा रंग नसतो, पण तो सर्व रंग दाखवतो. पैसा हा वस्तू-वस्तूंमधला न्यायाधीश आहे. जो तो नुसता दडवून ठेवतो, तो जणू न्यायाधीशालाच तुरुंगात टाकतो.

पुढे इंग्लंडमध्ये जॉन लॉक याचा शासनसंस्थेवरील ग्रंथ १६८९ साली निघाला. त्याचे म्हणणे असे : श्रमाने मिळवलेली फळे माणसाची खरी, पण नासून जातील इतकी त्याने घेऊ नयेत. सोने-चांदी मात्र नासत नाही. लोकांनी संमतीने तिला मोल दिले आणि हवा तेवढा साठा करण्याची वाट मोकळी झाली.

पालकहो, आता आपल्या घरात डोकावू या. माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलीचे नाव काढायला तिचे वडील आले. फीची अडचण सांगत होते. मी म्हटले, "थोडे सोने मोडा." ते म्हणाले, "सर, ते तिच्या लग्नाचे आहे. त्याला हात कसा लावू?" मी त्यांना दोष देत नाही. लोक काय म्हणतील ही धास्ती मलाही ठाऊक आहे. पण ज्या मुलीसाठी ते सोने जपले, तिचीच शाळा सुटली.

सोने पेटीत वर्षानुवर्षे टिकते. शिकण्याचे वय टिकत नाही. अडीअडचणीसाठी शिल्लक जरूर ठेवा. मात्र मांडवाच्या थाटासाठी राखलेल्या पैशातून आधी मुला-मुलींची फी आणि पुस्तके बाजूला काढा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वह्या-पुस्तकांत आईवडिलांचे श्रम आहेत, हे विसरू नका.

कैदेतल्या न्यायाधीशाला मोकळे करा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.