ओळी संपल्या, हे मोजणाऱ्याला कोण सांगणार?

प्रोग्रॅम म्हटला की आज्ञांची यादी डोळ्यांपुढे येते. आधी हे, मग ते. आयबीएमच्या कॅनडातल्या शाखेत काम करणाऱ्या जे. पॉल मॉरिसन यांनी साधारण १९७० च्या सुमारास वेगळी मांडणी केली. स्वतंत्र घटक, त्यांना आत-बाहेरची पोर्ट, पोर्टांना जोडणाऱ्या वाटा आणि वाटांवरून जाणारी माहितीची पाकिटं. शेजारी कोण आहे हे घटकाला ठाऊक नसतं. त्याला फक्त आपली पोर्ट दिसतात. या पद्धतीवर उभारलेली यंत्रणा कॅनडातल्या एका मोठ्या बँकेत वर्षानुवर्षं चालली.

पुढे हेन्री बर्गियस यांनी हीच कल्पना ‘नोफ्लो’ या नावाने जावास्क्रिप्टमध्ये आणली. तिथे एक फरक पडला, आणि माझ्या मते सगळी गंमत त्यातच आहे. मॉरिसनचा घटक पाकीट मागून घेतो, नसेल तर थांबतो. नोफ्लोच्या जुन्या रचनेत पोर्टच घटकाला हाक मारायचं. हाका पाच: कनेक्ट (वाट जोडली), बिगिनग्रुप (गट सुरू झाला), डेटा (मजकूर आला), एंडग्रुप (गट संपला), डिसकनेक्ट (वाट मोकळी झाली).

फाइलमधल्या ओळी मोजायच्या आहेत असं धरा. एक घटक फाइल वाचतो, दुसरा तिच्या ओळी करतो, तिसरा मोजतो. डेटाच्या प्रत्येक हाकेला हा तिसरा एक मिळवतो. पण आकडा पुढे कधी पाठवायचा? डेटाची हाक ‘आणखी एक आली’ एवढंच सांगते. ‘ही शेवटची’ असं कधीच सांगत नाही. म्हणून तो डिसकनेक्टची वाट पाही आणि मग आकडा सोडी. बिगिनग्रुपबरोबर फाइलचं नाव येई, त्यावरून ओळी कुठल्या ते कळे. मात्र मधल्या घटकाने ती हाक पुढे दिली नाही, तर नाव तिथेच गळालं. नवशिक्यांचे तास यात जात.

आता मोजणाऱ्याच्या एकाच पोर्टाला दोन फाइली जोडा. पहिली संपली, डिसकनेक्ट आलं, मोजणाऱ्याने आकडा जाहीर केला. दुसरीच्या ओळी अजून येतच आहेत! एक पंगत उठली म्हणून जेवणावळ आटोपली, असं आचाऱ्याने समजावं तसं हे. वाट मोकळी झाली याचा अर्थ मजकूर पुरा झाला असा होत नाही. मॉरिसनच्या पद्धतीत पोर्ट बंद ठरतं ते त्याला पुरवठा करणारे सगळे घटक थांबल्यावरच.

नोफ्लोने पुढे हाकांची ही जुनी रीत बाजूला केली. गटाची सुरुवात आणि शेवट आता पाकिटं होऊनच वाटेवरून येतात. कंस उघडला, मजकूर, कंस मिटला. हे कंस मॉरिसनकडे आधीपासून होतेच. बऱ्याच सुधारणा अशा घरी परतण्याच्याच असतात. आता पाकीट आलं की घटक आधी पाहतो, हवं ते सगळं जमलं का? बेरजेच्या घटकाला दोन पोर्टांवर दोन आकडे लागतात. एकच आला असेल, तर घटक तो आकडा तसाच राखून परततो. कुठला आधी आला, याचं त्याला सोयरसुतक नाही.

पण मिटणारा कंस पाठवायला कुणी विसरला, तर पुढचा घटक वाट पाहत बसतो. त्रुटीचा संदेशही येत नाही. घटकांचं जाळं असं गप्प झालं, की मी आधी उघडलेले कंस मोजतो.