क्लेम नामंजूर झाला, पुढे काय?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा गच्चीवर गप्पा असायच्या होमलोनच्या हप्त्यांच्या आणि मुलांच्या ॲडमिशनच्या. आता कुणाचा गुडघा, कुणाची अँजिओप्लास्टी. म्हणून कमिटीने "काहीतरी उपयोगाचं बोला" म्हटल्यावर मी मेडिक्लेम हा विषय घेतला. पॉलिसी कोणती घ्यावी हे सांगणारे एजंट पुष्कळ भेटतात. क्लेम नाकारला तर काय करायचं, हे सांगायला मात्र कुणी येत नाही.

कंपनीचं नकाराचं पत्र आलं की आपण तो कोर्टाचा निकाल समजतो आणि गप्प बसतो. ती फक्त एका पक्षाची बाजू असते. विमा नियामकाने, म्हणजे इर्डाने, 29 मे 2024 ला आरोग्य विम्यासाठी परिपत्रक काढलं आहे. त्याप्रमाणे क्लेम नाकारण्याआधी कंपनीच्या समितीची मंजुरी लागते, आणि पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली नाकारला हे कळवावं लागतं. नुसतं 'नियमात बसत नाही' चालत नाही. तेव्हा पहिलं काम : पत्रात कोणतं कलम लिहिलंय ते बघा आणि पॉलिसीत ते कलम काढून वाचा.

माझ्या मिरजेच्या चुलतवहिनींची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगतो. आमचे दादा न्यूमोनियाने गेले. अकरा दिवस हॉस्पिटल, बिल 3 लाख 40 हजार. पॉलिसी सलग नऊ वर्षं, एकदाही खंड नाही. कंपनीचं पत्र आलं, 'विमेदाराने उच्च रक्तदाबाची माहिती लपवली, सबब क्लेम नामंजूर.' वहिनींनी ते पत्र कपाटात ठेवलं, कुणाला दाखवलंच नाही. पैशांचं त्यांनी कसंबसं निभावलं असतं, पण 'लपवली' हा शब्द त्यांना लागला. दादा शाळेचे मुख्याध्यापक होते हो! चार महिन्यांनी पुतणीच्या हाती ते पत्र लागलं आणि तिने मला फोन केला.

केसपेपर मागवले तेव्हा उलगडा झाला. ॲडमिट करताना डॉक्टरांनी विचारलं, "बीपी किती वर्षांपासून?" घाबरलेल्या घरच्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "असेल दहा वर्षं." तेच केसपेपरवर गेलं. दादांच्या फाईलमध्ये गोळ्यांची पहिली चिठ्ठी होती सहा वर्षांपूर्वीची, म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतरची. (ॲडमिशनच्या वेळी अंदाजाने वर्षं सांगू नका. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.)

त्याहून मोठा मुद्दा पुढेच आहे. पॉलिसी सलग 60 महिने चालू राहिली, की माहिती दिली नाही या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, 2024 मध्ये ती पाच वर्षांवर आली. दादांची नऊ झाली होती!

आम्ही कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक पानी पत्र लिहिलं. पॉलिसी नंबर, नूतनीकरणाच्या तारखा, कलम, चिठ्ठीची झेरॉक्स. राग कागदावर उतरवला नाही. बँकेत असताना मी अनेक तक्रारअर्ज वाचले, तीन पानी संतापातून मुद्दा शोधावा लागायचा. कंपनीने पुन्हा तेच उत्तर दिलं. मग आम्ही पुण्याच्या विमा लोकपालांकडे गेलो.

लोकपालांकडे फी नाही आणि वकील चालतच नाही. क्लेम 50 लाखांपर्यंतचा असावा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी. तिने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर तिथून एक वर्षाच्या आत जायचं. तेच प्रकरण ग्राहक आयोगात किंवा कोर्टात चालू असेल तर लोकपाल घेत नाहीत. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, 30 दिवसांत पाळावा लागतो. आपल्याला पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. तिथे मुदत दोन वर्षांची.

सुनावणी व्हिडिओवर झाली. पुतणी बोलली, मी शेजारी कागद पुढे करायला. कंपनीचा प्रतिनिधी तेच पत्र वाचत राहिला. फसवणुकीचा पुरावा विचारल्यावर त्याच्याकडे काही नव्हतं. हातमोजे वगैरे न मिळणाऱ्या बाबी वजा करून बाकी रक्कम द्या, असा निवाडा झाला. पुतणीने बँकेचा मेसेज दाखवला, तर वहिनी म्हणाल्या, "ते असू दे, तो कागद दे." घरी येईल त्याला त्या तो वाचायला देत होत्या.

आता उलट बाजूही सांगतो. प्रत्येक नकार चुकीचा नसतो. प्रतीक्षाकाळ संपण्याआधी मोतीबिंदू काढला, तर लोकपालही काही करू शकणार नाहीत. आणि फॉर्ममध्ये आजार खरा लिहाच. आजार सांगितलेला असताना कंपनीने पॉलिसी दिली, तर पुढे त्याच आजाराचं कारण दाखवून तिला क्लेम नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये म्हटलं आहे. फॉर्म एजंटला भरू देऊ नका. दिलाच, तर सही करण्यापूर्वी वाचा आणि प्रत ठेवा.

रविवारी सकाळी दहा ते अकरा मी सोसायटीच्या ऑफिसात बसेन. पॉलिसी, डिस्चार्ज कार्ड आणि कंपनीचं पत्र घेऊन या. आणि हो, चष्मा आणा, माझा तुम्हाला लागणार नाही.