सेवेने फिटणारे कर्ज

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



मागे आर्वीचे एक गृहस्थ मला भेटले. त्यांची मुलगी परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा करून आली होती. जवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात तिला काम मिळत होते आणि तिची इच्छाही तीच होती. पण बँकेचा हप्ता सुरू व्हायचा होता आणि दवाखान्याच्या पगारातला निम्मा त्यातच गेला असता. ते म्हणाले, "साहेब, पोरीचं मन इथं आहे, पण कर्ज तिला नागपूरला नेतंय."

कर्ज काढून मुलांना शिकवू नका, असे मी म्हणणार नाही. ते दिवस गेले. प्रश्न एवढाच की, ज्याने उमेदीची वर्षे गरिबांच्या सेवेत घातली, त्याच्याकडून पैसाही पुरता वसूल करावा काय?

ही कल्पना परकी नाही. १९६३ साली भारत सरकारने राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजना सुरू केली. हुशार पण गरजू विद्यार्थ्यास बिनव्याजी कर्ज मिळे. आणि तो पुढे शिक्षक झाला तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ होई. दहा वर्षे फळ्यासमोर उभे राहिले की कर्ज फिटले! १९९१ मध्ये ती योजना बंद पडली. वसुली नीट होत नव्हती, हे खरे. परंतु त्याबरोबर माफीचे ते कलमही आपण विसरलो, हे काही बरे झाले नाही. आज बँकांच्या शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते. कर्जदार खेड्यातल्या दवाखान्यात आहे की मोठ्या कंपनीत, हे बँक विचारीत नाही.

वर्ध्याला सेवेचे मोल नव्याने सांगावयास नको. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथेच शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले डॉ. झाकीर हुसेन. जर्मनीतून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या विद्वानाने १९२८ मध्ये जामिया मिल्लियातील सहकाऱ्यांसह प्रतिज्ञा केली होती की, वीस वर्षे सेवा करू आणि दरमहा दीडशे रुपयांहून अधिक घेणार नाही. अशी माणसे वंदनीय खरीच. पण डोक्यावर कर्ज असलेल्या प्रत्येक मुलाकडून तोच त्याग मागणे मला अन्यायाचे वाटते.

अमेरिकेत २००७ साली कायदा झाला. सरकारी किंवा सेवाभावी संस्थेत काम करीत १२० मासिक हप्ते भरले की उरलेले सरकारी शैक्षणिक कर्ज माफ. पहिल्या अर्जदारांची पाळी २०१७ मध्ये आली आणि बहुतेकांचे अर्ज फेटाळले गेले. कोणाच्या कर्जाचा प्रकार नियमात बसेना, तर कोणाचे हप्तेच कमी भरले. नियम सुधारल्यावर दहा लाखांहून अधिक लोकांना लाभ झाला. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये नवा नियम निघाला. काही संस्थांची कृत्ये बेकायदा ठरवून त्यांच्या सेवकांना यातून वगळण्याचा अधिकार शिक्षणमंत्र्यांना देणारा हा नियम १ जुलै २०२६ पासून लागू करावयाचा ठरला. अनेक राज्ये, शहरे आणि संस्था त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. विचार करा, ज्याने आठ वर्षे कमी पगारावर काढली, त्याला नवव्या वर्षी कळावे की आपली संस्था यादीत नाही!

आपल्या समाजात कर्ज-ए-हसनाची रीत जुनी आहे. आपल्या संस्थेने अशा निधीतून कर्ज द्यावे आणि जिल्ह्यातील शाळेत, दवाखान्यात किंवा सेवाभावी संस्थेत केलेल्या प्रत्येक वर्षामागे दहावा हिस्सा सोडावा. सोबत कोणती नोकरी धरली जाईल, हे कर्ज देतानाच कागदावर लिहून विद्यार्थ्याच्या हाती द्यावे. दरवर्षी झालेल्या सेवेची पावती मिळावी. नवे कार्यकारी मंडळ आले तरी जुन्या कर्जदाराच्या अटी बदलता येऊ नयेत. निधी लहान असेल तर दोनच मुलांना द्या, पण शब्द मोडू नका.

पालकहो, वर्गणीसाठी कार्यकर्ते येतील तेव्हा रकमेआधी हा कागद मागा. आर्वीची ती मुलगी अजून नागपुरातच आहे. सुटीवर आली की त्या दवाखान्यात जाऊन बसते, असे तिचे वडील सांगतात.