दिंडीच्या ट्रकावर दुसरी प्लेट



आषाढीला आमच्या गावची दिंडी माउलींच्या पालखीबरोबर चालते. आळंदी ते पंढरपूर म्हणजे सुमारे तीन आठवड्यांची वाट. बरोबर एक ट्रक असतो. त्यात शिधा, भांडी, तंबू, अंथरुणे. पाऊस लागला की म्हाताऱ्या बायका रात्री त्यातच निजतात. तेव्हा ट्रक कसला, ते आमचे चाकांवरचे घरच! त्या घराच्या दिव्यांची हकीकत आज सांगावयाची आहे. हकीकत आमच्याच फजितीची आहे बरे का.

ट्रकाच्या टपावर १०० वॅटची एक सोलर प्लेट होती. खाली १२ व्होल्टची बॅटरी. दोहोंच्या मध्ये चार्ज कंट्रोलर. हा बॅटरीचा राखणदार. बॅटरी भरली की तो वरून येणारी वीज अडवतो.

आता खर्च पाहा. ९ वॅटचे चार दिवे पाच तास जळले, की १८० वॅट-तास वीज गेली. कीर्तनाचा स्पीकर ४० वॅटचा, तो दोन तास, म्हणजे ८०. वीस फोन, प्रत्येकी १० धरले तर २००. एकूण झाले ४६०. आणि प्लेट स्वच्छ उन्हातही दिवसाला ४०० च्या आसपासच देते. आषाढात आभाळ भरले, की निम्मेही नाही. रोजची तूट बॅटरीच्या माथी.

२०२२ साली तेच झाले. तीन दिवस ऊन नाही. वाल्ह्याच्या मुक्कामी दिवे विझले. अंधारात एक आजी तंबूच्या दोरीला अडखळली आणि तिचे मनगट मोडले. घरचे येऊन तिला घेऊन गेले. जाताना ती हातासाठी रडली नाही, वारी चुकली म्हणून रडली.

पुढच्या वर्षी वर्गणी काढून तशीच दुसरी प्लेट आणली. जोडण्याचे काम आम्ही अंगावर घेतले. शाळेत विज्ञान शिकवले होते ना! टॉर्चमध्ये सेल एकामागे एक घालतात, तशा आम्ही प्लेटा जोडल्या. एकीची अधिकाची तार दुसरीच्या उण्याच्या तारेला. मोकळी प्लेट उन्हात सुमारे २२ व्होल्ट दाखवते. दोन मिळून झाले ४४. कंट्रोलरवर छापले होते, २५ व्होल्टपर्यंत. धूर निघाला, वास सुटला, कंट्रोलर गेला. चाळीस वर्षे मुलांना वाचायला शिकवले, आणि ती एक ओळ आम्ही वाचली नव्हती.

मग जाणत्या वायरमनने समजावले. ज्यांनी मोट पाहिली असेल त्यांना हे लगेच कळेल. दोन मोटा एका थारोळ्यात ओतल्या, तर पाणी दुप्पट होते, थारोळ्याची उंची तीच राहते. तशी अधिकाला अधिक आणि उण्याला उणे तार जोडावी. व्होल्ट तेवढेच राहतात, प्रवाह वाढतो. एक प्लेट साडेपाच अँपिअर देते, दोन मिळून अकरा. आमचा जुना कंट्रोलर १० अँपिअरचाच होता, म्हणजे तो तसाही अपुराच. नवा २० चा घेतला. दोन्ही प्लेटा मात्र सारख्याच व्होल्टच्या हव्यात.

जोडताना प्लेटेवर घोंगडी टाकावी, कारण उजेड पडला की तिच्यात वीज असतेच. आधी बॅटरी कंट्रोलरला जोडावी, मग प्लेट. सोडवताना उलट. बॅटरीपाशी फ्यूज हवाच. ट्रक हादरतो, तार लोखंडाला घासून सोलली, तर ठिणगी पडते, आणि भोवती तंबूचे कापड! नट आम्ही दर मुक्कामी आवळतो.

एक गंमत राहिली. सारे नीट जोडूनही वीज कमी येई. पाहतो तो टपावरच्या पताकेची सावली प्लेटेवर. एवढ्याशा सावलीने वीज फार पडते. पताका मागच्या कोपऱ्यात नेली. काहींना ते रुचले नाही, पण माउलींची हरकत नसावी.

दुसऱ्या प्लेटेने बॅटरी मोठी होत नाही, हेही ध्यानात ठेवा. ती निम्म्याखाली रिती केली तर लवकर मरते. म्हणून फोन दुपारी, ऊन असतानाच लावायचे, असा दंडक आहे.

२०२४ साली आजी पुन्हा आली. वाल्ह्याला पोचल्यावर तिने पहिला दिवा तंबूच्या दोरीपाशी टांगायला लावला.