मीना, राजू आणि कापूसवेचणी



शाळाशाळांतून मीना-राजू मंच चालतो. मीना ही १९९०च्या दशकात युनिसेफने आणलेल्या चित्रपटांतली खेड्यातली पोर. घरचे तिला शाळेत घालत नाहीत. ती पोपटाला वर्गावर धाडते, त्याच्याकडून आकडे शिकते. मग कोंबड्या मोजताना एक कमी भरते आणि चोर सापडतो! दुसऱ्या गोष्टीत बहीणभाऊ एक दिवस कामांची अदलाबदल करतात. राजूची दमछाक होते, आणि ताटात येतो मीनाचा वाटा.

आता आपल्या घरात बघा. वेचणी लागली की वर्गातून गायब होते ती मुलगी. मुलगा बाकावरच असतो. मी शेतकी पदवीधर. वर्षानुवर्षे बोंडअळीवर बोललो, पण ओटी बांधून वाकलेल्या पोरीची शाळेतली हजेरी कधी विचारली नाही.

हिंदू वारसा कायद्यात लेकीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. तरी हक्कसोडीवर तिची सही घेतली जातेच. निदान ती कागद वाचून तरी सही करील की नाही?

यंदा वेचणीला माणूस कमी पडले तर रविवारी राजूला आणा. मीनाला शाळेच्या दिवशी शेतात आणू नका.